डबीबाहेर

थोरलीने डबीचं झाकण घट्ट फिरवलं, बोटाला लागलेला पिवळा थेंब एप्रनच्या खिशाला पुसला आणि त्याच बोटाने कपाळावर आलेली बट कानामागे सारली.

धाकटीने आपलं स्टूल जरा पलीकडे ओढून घेतलं. थेंब कशाचा होता हे तिला ठाऊक होतं, डबीवरचं लेबल तिनेच चिकटवलं होतं. कुणाच्या तरी पोटात साठलेलं पाणी. सकाळी सुईने काढलेलं, गढूळ, तळाशी पुवाचा थर बसलेलं.

"ग्लोव्हज कुठे गेले तुझे?"

"काढले आत्ताच. घाम येतो गं आतून."

"मग हात तरी धू."

"धुते," असं म्हणून थोरलीने पुढची डबी उचलली.

दोघींचं नाव एकच होतं. एकीला हाक मारली की दोघी वळायच्या, म्हणून लॅबमध्ये कुणीतरी एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी करून टाकलं, आणि तेच कायमचं चिकटलं. एका नवऱ्याच्या दोन बायका, असं जुने डॉक्टर गमतीने म्हणत. नवरा कोण, तर दोघींच्या मध्ये ठेवलेला मायक्रोस्कोप. आणि त्याचा जीव थोरलीवर, कारण दुसऱ्या कुणाला न सापडलेली एखादी चुकार पेशी तिला हमखास सापडायची.

त्यांची खोली इस्पितळाच्या तळमजल्यावर बोळाच्या अगदी टोकाला होती. रक्त तपासणारे लोक पुढच्या मोठ्या, वातानुकूलित दालनात बसत आणि या खोलीला 'मोरी' म्हणत. लघवी, शौच, बेडके, फुप्फुसाभोवतीचं पाणी, मणक्यातलं पाणी, सांध्यातून ओढलेला चिकट द्रव, जे जे रक्त नाही ते सगळं मोरीत. नव्याने आलेली मुलं या खोलीत शिरली की नाकावर रुमाल धरत. धाकटीला त्यांचं हसू यायचं. तिला या कशाचीच कधी किळस आली नव्हती. शौचाची डबी उघडून, रंग-रूप बघून, काचेवर थेंब पसरून ती सरळ जेवायला जाऊ शके. डबीतली घाण ही तिच्या लेखी घाण नव्हतीच, ते काम होतं. मात्र तीच गोष्ट डबीबाहेर आली, टेबलावर, नळाच्या तोटीवर, दाराच्या कडीवर, की तिच्या अंगावर शहारा यायचा.

आणि हा फरक तिला शिकवला होता थोरलीनेच. धाकटी नवीन होती तेव्हा थोरली तिला बेसिनपाशी उभी करून बोटांच्या बेचक्या दाखवायची. इथे साबण जात नाही, इथे रोग बसतो. अंगठा विसरतात लोक, अंगठा विसरू नकोस. नमुना सांडला की आधी त्यावर कागद टाक, मग ब्लीच ओत, मग थांब. थांबायचं विसरतात, पुसायची घाई करतात. ग्लोव्हज घातलेल्या हाताने फोन उचललास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

ती थोरली आता उघड्या हाताने फोन उचलत होती आणि रिसीव्हर ठेवला की त्यावर ओलसर ठसा उमटत होता. थुंकीच्या डबीचं झाकण तिरकं बसवून ती डबी ट्रेमध्ये ठेवायची, आणि कडेने ओघळलेला चिकट पदार्थ ट्रेच्या तळाशी वाळून पिवळ्या पापुद्र्यासारखा चिकटून बसायचा. लघवीच्या नळ्यांच्या स्टँडखाली रोज एक तळं. तिची कोपरं त्या तळ्यात. तिच्या एप्रनच्या बाह्या कोपराशी कडक होऊन तपकिरी पडल्या होत्या. एकदा तर बोलता बोलता तिने धाकटीचं पेन उचललं, दोन शब्द लिहिले आणि टोपण दातांत धरलं. धाकटीने ते पेन नंतर चिमट्याने उचलून जंतू लागलेल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं.

सुरुवातीला तिने हसत हसत सांगून पाहिलं. मग चिडून सांगितलं. थोरली दर वेळी "हो गं, विसरले" म्हणायची आणि पुन्हा तेच. मग धाकटीने सांगणं सोडलं आणि पुसणं सुरू केलं. थोरली खुर्चीतून उठली की ती ब्लीचचं फडकं घेऊन मागे. नळ, कडी, फोन, मायक्रोस्कोपची चाकं. तिच्या स्वतःच्या हातांची सालं निघू लागली. नवरा म्हणाला, तुझ्या हाताला तरणतलावाचा वास येतो. घरीसुद्धा ती आता पेल्याचा काठ उजेडात धरून बघायची.

सगळ्यात अवघड गोष्ट होती जेवणाची. वर्षानुवर्षं दोघी बोळाच्या कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत समोरासमोर बसून डबा खात आल्या होत्या, आणि डबा उघडला की थोरली आधी आपल्यातलं काहीतरी धाकटीच्या झाकणात ठेवायची. त्या दिवशी तिने काकडी आणली होती. तिने एक फोड उचलली, बोटांनी तिच्या बिया चाचपल्या, कोवळी आहे का बघितली असावी, आणि पुढे केली.

धाकटीला त्या नखांकडे बघायचं नव्हतं, पण नजर तिथेच गेली. नखाच्या कडेला वाळलेलं काहीतरी. आणि त्याच्याखाली ओली, पांढरी काकडी.

"पित्त झालंय मला," ती म्हणाली.

"काकडीने बरं वाटेल."

"नको, थोरले."

थोरलीने फोड तिच्या झाकणात ठेवलीच. त्या फोडीचा भाताला स्पर्श झाला आणि धाकटीने हातातला घास परत ठेवला. थोरली पाणी प्यायला उठल्यावर तिने सगळा डबा कचऱ्यात उलटा केला. दुसऱ्या दिवसापासून ती काम उरकायचं निमित्त काढून मागच्या जिन्यावर एकटी बसून खाऊ लागली. थोरलीने कधी विचारलं नाही. धाकटीला वाटलं, हिला पर्वाच उरली नाही. माणूस एकदा घसरला की घसरतच जातो. त्या विचाराने तिला एक प्रकारचं समाधानही वाटलं, आणि त्या समाधानाची तिला लाज नाही वाटली.

वैताग आणखी एका गोष्टीचा होता. तिच्या ट्रेमधले नमुने संपतच नव्हते. पूर्वी अर्धे-अर्धे वाटून व्हायचे, आता ती मान मोडेपर्यंत बसली तरी ट्रे भरलेलाच. रुग्ण वाढलेत, माणूस वाढवा, असं ती लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाईंना, म्हणजे मॅडमना, दोनदा सांगून आली होती. दुसऱ्या वेळी तिने थोरलीचा विषयही काढला. थोडं स्वच्छतेचं बघायला हवं, एवढंच म्हणाली.

"तुम्ही इतक्या जुन्या दोघी," मॅडम म्हणाल्या. "आपसात बघा ना. मी मध्ये पडले तर वाईट दिसेल."

मग मामाचा हात कापला.

मामा म्हणजे लॅबची साफसफाई करणारा माणूस. सगळ्यांचा मामा. त्याने थोरलीच्या टेबलावरचं ओलं फडकं उचलून बादलीत पिळलं आणि एकदम हात झटकला. फडक्यात फुटलेली काच होती. ग्लोव्ह चिरून काच अंगठ्याखाली घुसली होती. बादलीतलं पाणी गुलाबी झालं.

धाकटीने त्याला ओढत बेसिनपाशी नेलं, फाटका ग्लोव्ह उलटा करून काढला, हात वाहत्या पाण्याखाली धरला. "दाबू नका. नुसतं वाहू द्या. साबण लावा."

"काच कशाची होती?" मामाने विचारलं. त्याचा आवाज अगदी साधा होता.

कशाची होती ते कळायला वेळ लागला. काचेच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे अर्धेच उरले होते. ते जुळवून पाहिले. छातीतून काढलेलं पाणी, आणि त्या रुग्णाच्या कागदांवर काविळीचा शिक्का. रक्तातून पसरणारी कावीळ. मामाने लस घेतलेली होती, एवढंच बरं. तरी रक्त तपासायचं, गरज पडली तर लशीचा आणखी एक डोस घ्यायचा, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

"घरी कळवू का?" मॅडमनी विचारलं.

"नको," मामा म्हणाला. "बायको घाबरट आहे. ताट वेगळं काढेल माझं."

थोरली दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला बघून धाकटीच्या डोक्यात इतके दिवस साठलेलं सगळं एकदम वर आलं.

सगळे पांगल्यावर ती थोरलीच्या टेबलापाशी गेली. ट्रेच्या कडेला वाळलेला एक पापुद्रा तिने काडीने खरवडला, थेंबभर पाण्यात कालवला, काचेवर पसरला, त्यावर निळा रंग घातला. काच वाळायला ट्रेवर ठेवली, भिंगाला लागलेला बोटाचा डाग पुसला, काच उचलून मायक्रोस्कोपखाली सरकवली, दिवा लावला.

"ये इकडे. बस."

थोरली आली, बसली.

"तुझ्या टेबलावरचं आहे. आत्ता खरवडलंय. इथे तू कोपर टेकवतेस, इथेच मामा फडकं फिरवतो. बघ काय आहे त्यात. मी सांगून तुला पटत नाही, तर स्वतः बघ."

थोरली वाकली. पाठ सरळ, दोन्ही डोळे उघडे, डावा हात चाकावर. तिची ती जुनी बैठक बघून धाकटीला क्षणभर बरं वाटलं. थोरलीने चाक जरा पुढे, जरा मागे फिरवलं. बराच वेळ बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "पेशी आहेत. पुवाच्या पण आहेत. जंतू बरेच आहेत." मग डोकं न उचलता, "चुकलं माझं. मामाचं काही झालं तर मला…"

धाकटीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. ते द्यायला ती टेबलावर हात टेकून वाकली, आणि तिच्या कोपराशी ट्रेवर तिला निळी काच दिसली. ओली, रंग लावलेली, तिने आत्ताच केलेली.

तिने थोरलीला खांद्याने हळूच बाजूला केलं आणि भिंगातून पाहिलं. पांढरं, स्वच्छ वर्तुळ. रागाच्या भरात तिने शेजारची कोरी काच उचलून घातली होती.

खोलीत नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजची घरघर चालू होती. धाकटीने मायक्रोस्कोपचा दिवा मालवला.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"कशाचं कधीपासून?"

"थोरले."

थोरलीने हात मांडीवर घेतले. "डावा डोळा तर मागेच गेला. उजव्यात मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात मला. चेहरा दिसत नाही."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. वाढू नये म्हणून इंजेक्शनं देतात. गेलेलं येत नाही म्हणाले."

"घरी माहीत आहे?"

"सुनेला शंका आहे. सुरी काढून घेतली तिने हातातून. त्या दिवशीची काकडी तिनेच कापून दिली होती." थोरली जराशी हसली. "घरी मी बसवतील तिथे बसते. इथे आलं की मला अजून कुणीतरी विचारतं, थोरले, हे काय असेल."

धाकटीला भडभडून येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिच्या मनात दुसराच प्रश्न उभा होता.

"आणि ग्लोव्हज का काढायचीस?"

थोरलीने बोटांची टोकं एकमेकांवर घासली.

"ग्लोव्ह घातला की बोटाला काही कळत नाही. नळीत पाणी कुठवर आलं ते दिसत नाही मला. काठाला बोट लावलं की कळतं."

"काठाला."

"हो."

"आत नाही ना घातलंस कधी?"

थोरलीने ते बोट मुठीत मिटून घेतलं. धाकटीच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ती बेसिनपाशी गेली आणि नुसतीच उभी राहिली. दया यायला हवी होती, येतही होती. पण त्या दयेच्या बरोबर मध्ये ते बोट होतं. कुणाच्या तरी मणक्यातल्या, कुणाच्या तरी छातीतल्या पाण्यात बुडालेलं, कडेने ठिबकणारं. आणि मग तिच्या ध्यानात त्याहून वाईट गोष्ट आली.

"तुझ्या नमुन्यांचे रिपोर्ट कुणी लिहिले?" तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"तू."

"मी?"

"मी तुझ्या ट्रेमध्ये सरकवायचे. तू उठलीस की. आपलं अक्षर सारखंच आहे, मीच तर शिकवलं तुला आकडे घालायला. तुला कळलं नाही."

म्हणजे ट्रे संपत नव्हता तो यामुळे. धाकटी वळली. "सगळे सरकवलेस?"

"जमतील तेवढे."

"आणि उरलेले?"

थोरली एप्रनच्या टोकाने मायक्रोस्कोपची भिंगं पुसू लागली. त्या मळक्या टोकाने. धाकटीने तिला थांबवलं नाही.

"रंगावरून," थोरली म्हणाली. "गढूळ आहे की स्वच्छ, तेवढं कडेने कळतं मला. वासावरून. इतकी वर्षं केलंय गं मी."

"वासावरून," धाकटी म्हणाली.

ती शेजारच्या स्टुलावर बसली. तिला वाटलं होतं, मळक्या टेबलापलीकडे यात काही नाही. आता कुठल्या तरी घरात कुणीतरी 'सर्व ठीक' असा कागद कपाटात ठेवून निवांत झोपत असेल. त्यापुढे ते टेबल काहीच नव्हतं.

"मॅडमना मी सांगू की तू सांगतेस?"

"मी सांगते," थोरली म्हणाली. "तू दारापर्यंत ये फक्त. त्यांच्या दारात उंबऱ्याची पायरी आहे, ती मला सापडत नाही."

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकताना त्यांनी हातातलं पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. ज्यांचे नमुने थोरलीच्या नावावर गेले होते, त्या सगळ्यांना परत बोलवायचं ठरलं. फोन कुणी करायचे, वरच्या मंडळींना काय सांगायचं, हेही ठरलं. थोरलीने उद्यापासून यायचं नाही, हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण तेही ठरलं. थोरली बाहेर गेल्यावर मॅडमनी धाकटीला थांबवलं.

"तुम्ही तिच्या शेजारी बसता ना? तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मला तिचे हातच दिसत होते, मॅडम," धाकटी म्हणाली.

बाहेर बोळात मामा अंगठ्याला पट्टी बांधून बाकावर बसला होता. थोरली त्याच्यासमोर उभी होती.

"मामा, ती काच माझी होती."

"कळलं मला."

"फुटलेली मला दिसली नाही."

मामाने तिच्याकडे वर पाहिलं. थोरलीने त्याचा हात हातात घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मामाने पट्टीचा हात आपल्या पाठीमागे नेला. अगदी सावकाश, तिला समजू नये असा. तिला समजलं की नाही, कुणास ठाऊक. तिने हात हवेत जरा वेळ तसाच ठेवला आणि मग पदर सारखा करायला नेला.

धाकटीने थोरलीचा एप्रन काढून घेतला, गुंडाळी करून पिवळ्या पिशवीत बांधला, तिला बेसिनपाशी नेलं, नळ सोडला. थोरलीने हात धुतले. बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. तिने इतके सावकाश आणि इतके नीट धुतले की धाकटी बघत राहिली. पाणी स्वच्छ वाहत होतं. हात आता अगदी स्वच्छ होते, हे धाकटीला ठाऊक होतं, आणि तरीही टॉवेल पुढे करताना तिने त्याचं टोक धरलं.

इस्पितळाचा मागचा जिना उतरताना थोरली म्हणाली, "हात दे गं. पायऱ्या एकात एक दिसतात."

धाकटीने हात दिला नाही, कोपर पुढे केलं. थोरलीची बोटं कोपरापाशी आली, कापडाला लागली, थबकली.

"राहू दे," ती म्हणाली. "कठडा आहे इथे."

ती कठड्याला धरून उतरली. धाकटी एक पायरी मागे राहून उतरली. फाटकाबाहेर दुपारची वर्दळ होती. बसथांबा रस्त्याच्या पलीकडे होता. रोज थोरली कशी ओलांडत असेल हा रस्ता, असा विचार धाकटीच्या मनात आला, आणि तेवढ्यात थोरली ओलांडायला निघालीसुद्धा. मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कडेने बघत, आत्मविश्वासाने. उजवीकडून टेम्पो येत होता, तिच्या त्या डागाच्या बरोबर मधून.

धाकटीने तिचा हात पकडला आणि मागे ओढलं. टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मग रस्ता मोकळा झाला तशा दोघी पलीकडे गेल्या, हातात हात घालून, धाकटी पुढे, थोरली अर्धं पाऊल मागे.

पलीकडे पोचल्यावर धाकटीला हाताची जाणीव झाली. ऊबदार, अजून जरा ओला, साबणाने सुरकुतलेला तळवा. बोटांत बोटं अडकलेली. आणि मग शहारा आला, मनगटापासून खांद्यापर्यंत, नेहमीसारखाच. फक्त आज तो उशिरा आला होता.

"सोड आता," थोरली म्हणाली. "बस मला ऐकू येते."

"येऊ दे," धाकटी म्हणाली, आणि बस येईपर्यंत तशीच उभी राहिली.